नवा की नूतनीकृत? लॅपटॉपच्या खरेदीविषयी काही विचार



बारावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या शाहपुरात काही घरांतून पेढे वाटले जातात आणि पेढ्यांच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो. मध्य प्रदेश शासनाच्या प्रतिभाशाली विद्यार्थी प्रोत्साहन योजनेप्रमाणे राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ७५ टक्के अथवा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याच्या बँक-खात्यात लॅपटॉपसाठी २५,००० रुपये जमा होतात. ४ जुलै २०२५ रोजी राज्यातील ९४,२३४ विद्यार्थ्यांना ही रक्कम एकाच दिवशी देण्यात आली. एकूण बेरीज सुमारे २३५ कोटी रुपये होते. त्या दिवसापासून पुढे महिनाभर विद्यार्थी व पालक शाळेत येऊन विचारीत होते, "गुरुजी, नवा घ्यावा की जुना नीट केलेला?"

हा प्रश्न वरवर लहान दिसतो, परंतु ज्या घरात ही रक्कम येते त्या घराची स्थिती ध्यानात घेतली म्हणजे त्याचे वजन कळते. केळीच्या बागेत रोजंदारीने घड वाहणाऱ्या, किंवा बऱ्हाणपुरात यंत्रमागावर पाळी करणाऱ्या पित्याच्या हाती एकरकमी २५,००० रुपये वारंवार येत नाहीत. शासनही ही रक्कम एकदाच देते. यंत्र वर्षभरात मेले तर दुसरे घेण्याची सोय नाही, आणि मुलाचे वा मुलीचे पुढील तीन-चार वर्षांचे शिक्षण त्या एका खरेदीवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास करून जे समजले ते येथे मांडीत आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ. बाजारात ज्यास 'रिफर्बिश्ड' म्हणतात त्यास आपण नूतनीकृत म्हणू. नूतनीकृत आणि नुसता जुना यांत भेद आहे. शेतकऱ्यांच्या मुलांस तो सांगावयास नको. विहिरीवरची मोटार जळाली म्हणजे आपण ती रिवाइंडिंगला देतो. कारागीर जुनी तार काढून नवी गुंडाळतो, बेअरिंग बदलतो, चालवून पाहतो आणि मग परत देतो. तशी भरलेली मोटार कित्येक उन्हाळे पाणी उपसते. याउलट शेजाऱ्याने नको झालेली मोटार जशीच्या तशी आपल्या गळ्यात बांधली तर ती जुनी मोटार होय. नूतनीकृत लॅपटॉपही कोणीतरी उघडून, तपासून, निकामी भाग बदलून, पूर्वीची माहिती पुसून विकावयास काढलेला असावा, अशी अपेक्षा असते. अपेक्षा असते असे मी म्हणतो, कारण पुष्कळ दुकानांतून केवळ पुसून आणि वर नवे प्लॅस्टिक चिकटवून ठेवलेल्या यंत्रासही हेच नाव दिले जाते.

ही यंत्रे येतात कोठून? बंगळूरु, पुणे, हैदराबाद येथील मोठमोठ्या कंपन्या आपल्या नोकरवर्गासाठी हजारोंच्या संख्येने लॅपटॉप विकत वा भाड्याने घेतात. तीन-चार वर्षे झाली की, यंत्र उत्तम चालत असले तरी, कंपनीच्या हिशेबात त्याची मुदत संपते. मग ती यंत्रे घाऊक विकली जातात व दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा बाजारांतून किंवा मोठ्या विक्रेत्यांच्या मार्फत देशभर पसरतात. यात ध्यानी घेण्याजोगी गोष्ट ही की, कंपन्या जी यंत्रे घेतात ती घरगुती वापराच्या स्वस्त यंत्रांहून वेगळ्या जातीची असतात. डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, लेनोव्होचे थिंकपॅड ही त्यांतील परिचित नावे. त्यांचे बिजागर मजबूत असते. पुष्कळांचे कवच धातूचे असते. अनेकांचे पाठीचे झाकण चार-सहा स्क्रू काढले की उघडते आणि मेमरी, साठवण व बॅटरी बदलता येते. नवे असताना अशा यंत्राची किंमत ज्या कुटुंबाने ऐकूनच मान हलविली असती, त्याच कुटुंबाच्या आवाक्यात ते चार वर्षांनी येते.

आता नव्याची बाजू पाहू. २५,००० रुपयांच्या आसपास जो नवा लॅपटॉप मिळतो त्याचे खोके नवे, वास नवा, एक वर्षाची हमी आणि बॅटरी कोरी असते. या गोष्टी लहान नव्हेत. परंतु त्या किंमतीत यंत्र बसविण्यासाठी कारखानदाराला कोठेतरी हात आखडावा लागतो, आणि तो कोठे आखडला हे खोक्यावरील चित्रावरून कळत नाही. पुष्कळदा प्रोसेसर सेलेरॉन किंवा तत्सम अगदी खालच्या श्रेणीचा असतो. मेमरी ४ जीबी, तीही मुख्य पट्टीवर कायमची डाखलेली, म्हणजे पुढे वाढविता न येणारी. आणि साठवणीसाठी खरी एसएसडी न घालता ईएमएमसी नावाची, मोबाईलमध्ये असते तशी मंद व तोकडी चीप असते. अशा यंत्रावर प्रणाली स्वतःच अर्धी-अधिक मेमरी गिळून बसते. मग एक व्हिडिओ-व्याख्यान, दोन पीडीएफ आणि एक लेखन-पत्र एकाच वेळी उघडले की यंत्र धापा टाकू लागते. नवे आहे म्हणून ते वेगवान असेल, हा समज प्रथम मनातून काढून टाकावा.

येथे बैलबाजाराची आठवण होते. बैल घेताना आपले वडीलधारे शिंगांकडे पाहत नाहीत; शिंगे घोळून हिंगूळ लावून आणलेला बैल त्यांनी पुष्कळ पाहिलेला असतो. ते जबडा उघडून दात मोजतात: दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला. लॅपटॉपचेही दात पाहता येतात. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचे नाव 'आय ५ – ८२५० यू' असे असते. त्यातील 'आय ५' कडे सर्वांचे लक्ष जाते आणि विक्रेताही तेच मोठ्याने सांगतो. पण वय सांगतो तो त्यापुढील अंक. ८२५० म्हणजे आठवी पिढी. 'आय ५ – १०२१० यू' मध्ये अंक पाच आहेत, म्हणून पहिले दोन घ्यावयाचे: दहावी पिढी. 'आय ५ – ११३५ जी ७' मध्ये अंक चारच, परंतु आरंभी एक आहे; हा पहिल्या पिढीचा नव्हे, अकरावीचा. चौथी पिढी २०१३ साली बाजारात आली, आठवी २०१७ च्या ऑगस्टमध्ये. "आय ७ आहे, आय ७!" असे सांगून चौथ्या पिढीचे यंत्र गळ्यात मारले जाते, तेव्हा दहाव्या पिढीचे 'आय ३' त्याहून चांगले हे आपणास ठाऊक असले पाहिजे. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरची अंकांची रीत निराळी आहे. तेथे तो प्रोसेसर कोणत्या साली निघाला हे शोधून पाहावे.

आठवी पिढी ही मर्यादा मी मनाने घातलेली नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ ही प्रणाली आणली तेव्हा तिच्यासाठी काही अटी घातल्या: किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय, आणि इंटेलच्या बाबतीत, थोडे अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा प्रोसेसर. त्यानंतर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी जुन्या विंडोज १० चा नियमित आधार संपला. म्हणजे त्या प्रणालीत नवे छिद्र सापडले तरी ते बुजविण्याचे काम कंपनीने सामान्यतः थांबविले. घरगुती ग्राहकांपैकी जे नाव नोंदवतील त्यांच्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ तेवढी जाहीर झाली. ज्या यंत्रावरून आपण शिष्यवृत्तीचे अर्ज भरणार, बँकेचे व्यवहार करणार, ते असे उघड्या दाराचे असू नये. कॅनालिस या बाजार-अभ्यासक संस्थेने २०२३ च्या अखेरीस असा अंदाज केला होता की, या एका निर्णयामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक अडगळीत जाऊ शकतील. त्यांतील कित्येक यंत्रे चालती आहेत, आणि ती स्वस्तात विकावयास येणार हे उघड आहे. दहा-बारा हजारांत "झकास" यंत्र मिळत असेल तर त्याचे दात या दृष्टीने अवश्य मोजावेत.

अशा जुन्या यंत्राचा काहीच उपयोग नाही काय? आहे, परंतु वेगळ्या वाटेने. लिनक्स ही मुक्त प्रणाली विनामूल्य मिळते, जुन्या यंत्रावरही बरी चालते आणि तिला सुरक्षेचा पुरवठा होत राहतो. केरळातील सरकारी शाळांतून कित्येक वर्षे मुले याच जातीच्या प्रणालीवर शिकत आहेत. तिच्यात मराठी व हिंदी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कळफलक असतो, लेखनपत्रे व हिशेबाची कोष्टके असतात. ज्यास गणित, विज्ञान वा प्रोग्रॅमिंग शिकावयाचे आहे त्यास तर ती हिताचीच. मात्र महाविद्यालयाने एखादे विशिष्ट विंडोजचेच साधन सक्तीचे केले असेल तर अडचण होते. प्रवेश घेतल्यावर प्राध्यापकांस विचारून मग यंत्र घ्यावे, असे मी विद्यार्थ्यांस सांगतो. निकालाच्या आठवड्यातच दुकान गाठण्याचे काही कारण नसते.

आता बॅटरीचा विषय. नूतनीकृत यंत्राचे खरे दुखणे बहुधा येथेच असते. लिथियम-आयन बॅटरी वापराबरोबर झिजते. काहीशे वेळा भरली-उतरली म्हणजे तिची धारणशक्ती मूळच्या ८० टक्क्यांवर वा त्याखाली येते. उष्णतेने ही झीज वाढते, आणि आपल्या तापीकाठी वैशाखात पारा ४३-४४ अंशांवर चढतो तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या यंत्राचे काय होत असेल याची कल्पना करावी. विंडोजमध्ये एक सोय आहे, जी दुकानात उभ्या-उभ्या वापरता येते. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत 'पॉवर-सीएफजी' हा शब्द मधली रेघ न देता जोडून लिहावा, एक जागा सोडावी, मग उजवीकडे कललेली तिरपी रेघ देऊन 'बॅटरीरिपोर्ट' हा शब्द लिहावा. यंत्र एक पत्रक तयार करते आणि ते कोठे ठेवले हेही सांगते. त्या पत्रकात दोन आकडे शोधावयाचे: मूळची धारणशक्ती आणि आजची पूर्ण धारणशक्ती. आठवीच्या वर्गातील मुलासही सुटेल असे उदाहरण घेऊ. मूळ आकडा ५०,००० मिलीवॅट-तास आणि आजचा ३१,००० मिलीवॅट-तास आहे.

३१,००० भागिले ५०,०००, म्हणजे ०.६२. बॅटरी ६२ टक्के उरली आहे. हलक्या कामासाठी यंत्रास सरासरी १० वॅट लागतात असे धरले तर कोरी बॅटरी ५० वॅट-तास भागिले १० वॅट, म्हणजे ५ तास चालली असती. ही ३ तास ६ मिनिटे चालेल. ज्या गावी दुपारी वीज जाते तेथे दोन तासांचा फरक अभ्यासाच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. असे दिसले तर यंत्र टाकून द्यावे असे नव्हे. नव्या बॅटरीची किंमत विचारावी आणि तेवढी रक्कम किंमतीतून कमी करून मागावी, किंवा दुकानदाराकडूनच ती बदलून घ्यावी. बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे तळ वर आला असेल वा टचपॅड उचलले गेले असेल, तर मात्र ते यंत्र हातातून खाली ठेवावे. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

उरलेली तपासणी डोळ्यांची व हातांची आहे. पडदा पूर्ण पांढरा करून ठिपके व डाग पाहावे. लेखनपत्र उघडून कळफलकावरील एकूण एक कळ दाबावी. दुकानदार हसला तर हसू द्यावे. पडदा दहा-बारा वेळा उघडून-मिटून बिजागर करकरते का ते पाहावे. आपला पेन-ड्राइव्ह प्रत्येक छिद्रात घालावा, कॅमेऱ्यात स्वतःचे तोंड पाहावे, मोबाईलचे इंटरनेट जोडून वाय-फाय चालते का ते पाहावे. मग वीस मिनिटे व्हिडिओ लावून ठेवावा आणि तोवर चहा प्यावा. यंत्र तव्यासारखे तापले वा पंखा गिरणीसारखा घरघरू लागला तर आत धूळ बसलेली आहे किंवा उष्णता वाहून नेणारा लेप सुकला आहे. दोन्ही दुरुस्त होतात, परंतु दुरुस्ती विकण्यापूर्वी व्हावयास हवी होती. साठवण फिरत्या तबकडीची असेल तर ती बदलून एसएसडी घातली जाईल काय हे विचारावे. एका बदलाने यंत्राचा वेग जितका वाढतो तितका दुसऱ्या कशाने वाढत नाही. मेमरी वाढविण्याचे मात्र 'पुढे पाहू' म्हणून ठेवू नये. २०२५ च्या अखेरीपासून जगभर मेमरीचे भाव चढले, त्यामुळे ८ जीबी असलेलेच यंत्र घेणे हिशेबात बसते.

दुकानांत 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' अशा चिठ्ठ्या लावलेल्या असतात. ही प्रत बहुतेक ठिकाणी बाह्य रूपाची असते, ओरखडे किती व कोठे एवढीच. केळीच्या सालीवरचे डाग आणि आतील गर यांचा संबंध आपणास ठाऊक आहे. पाठीवर दोन ओरखडे असलेले 'बी' प्रतीचे यंत्र, बॅटरी चांगली असेल तर, मी आनंदाने घेईन.

एक गोष्ट मात्र ओरखड्यासारखी दिसत नाही, आणि ती फार महाग पडते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने एका मोठ्या शहरातून नूतनीकृत यंत्र आणले. तीन आठवडे सुरेख चालले. मग त्याने प्रणाली नव्याने बसविली, तो पडद्यावर कोणा परक्या कंपनीचे नाव आले आणि त्या कंपनीचा ई-मेल व संकेतशब्द मागू लागले. मोठ्या कंपन्या आपली यंत्रे दुरून कुलूपबंद करू शकतात. विकताना ते कुलूप काढावयाचे असते, ते कोणी काढलेच नव्हते. दुकानदार प्रथम फोन उचलीना, मग म्हणाला की "तुम्हीच काही केले असेल." मुलाच्या वडिलांचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला आहे. सुदैवाने मुलाने पैसे रोख न देता बँकेतून दिले होते व पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घेतला होता. पुष्कळ पत्रव्यवहारानंतर पाचशे रुपये कापून बाकी रक्कम परत आली. तेव्हापासून मी सांगतो की, दुकानातच प्रणाली पहिल्यापासून सुरू करून दाखवावयास सांगावे, इंटरनेट जोडून. कोणत्याही संस्थेचे नाव आले, किंवा चालू करताना आतल्या बायॉसचा संकेतशब्द मागितला, की व्यवहार तेथेच थांबवावा. तळावरील अनुक्रमांक आणि बायॉसमध्ये दिसणारा अनुक्रमांक एकच आहे ना, तेही पाहावे. तो क्रमांक कारखानदाराच्या संकेतस्थळावर घातला असता बहुधा हमीची मुदत केव्हा सुरू झाली हे कळते, आणि त्यावरून यंत्राचे खरे वय.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यांत नूतनीकरण करणाऱ्यांस केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक केले आहे. विक्रेत्यास, तुमचा माल नोंदणीकृत ठिकाणाहून येतो काय, असे विचारण्यात संकोच कशाचा? जीएसटीची पक्की पावती, तीवर अनुक्रमांक आणि हमीचे महिने लिहून घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. 'टेस्टिंग वॉरंटी' म्हणजे चार-आठ दिवस. तिला हमी म्हणू नये. सहा महिने ते एक वर्ष हमी देणारे विक्रेते आहेत. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. खरेदी दिल्लीची असली तरी दिल्लीस खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. नूतनीकृत वस्तू घेतली म्हणून ग्राहकाचा हक्क कमी होतो असे कोठेही नाही.

आता पैशाचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत; बाजारभाव पाहून प्रत्येकाने आपले घालावे. तीन पर्याय धरू. पहिला, सर्वांत स्वस्त नवे यंत्र, २६,००० रुपयांचे. ४ जीबी मेमरी वाढत नाही म्हणून तीन वर्षांत निरुपयोगी होईल असे धरले तर वर्षास सुमारे ८,६६७ रुपये पडतात. दुसरा, चांगले तपासलेले नूतनीकृत यंत्र २०,००० चे, वर बॅटरीस ३,०००. एकूण २३,००० आणि आयुष्य चार वर्षे, म्हणजे वर्षास ५,७५० रुपये. तिसरा, ८ जीबी मेमरी व एसएसडी असलेले मध्यम नवे यंत्र ३९,००० रुपयांचे, आयुष्य सहा वर्षे. वर्षास ६,५०० रुपये. दुसरा आणि तिसरा पर्याय जवळजवळ सारखे आहेत, आणि वाईट ठरतो तो पहिला. कारखान्यातून आलेला सर्वांत स्वस्त नवा माल सर्वांत महाग पडावा हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते, परंतु भागाकार करून पाहिल्यावर पटते. प्रत्येक घरी प्रश्न 'किंमत किती' असा विचारला जातो. 'किंमत भागिले वर्षे किती' असा विचारला जात नाही.

मग नवे कोणी घ्यावे? ज्या कुटुंबाला वरचे बारा-चौदा हजार कर्ज न काढता घालता येतात आणि मुलगा वा मुलगी अभियांत्रिकीसारख्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमास जात आहे, त्यांनी मध्यम श्रेणीचे नवे यंत्र घ्यावे. ज्या घरी यंत्र तपासून घेण्यास जाणता मनुष्य सोबत नाही, त्यांनीही नव्याचाच विचार करावा, कारण नूतनीकृताचा सारा लाभ तपासणीवर अवलंबून आहे. येथे बैठकीत बसून उपदेश करणे सोपे. दुकानात उभे राहून कळा दाबून पाहणे एकट्या आईला जड जाते, हेही मला समजते. अशा वेळी शाळेत येऊन सांगावे. आमच्यापैकी कोणीतरी बऱ्हाणपुरास किंवा लागलेच तर जळगावास सोबत येईल. परंतु 'शून्य टक्के हप्त्याने' मोठे यंत्र घेण्याच्या मोहात कोणी पडू नये. त्यात प्रक्रिया-शुल्क असते, रोखीची सूट जाते, आणि केळीचा भाव कोसळला त्या महिन्यातही हप्ता थांबत नाही.

बाकी सर्वांस, म्हणजे कला, वाणिज्य, विज्ञान शाखांत जाणाऱ्या व हाती नेमके २५,००० असलेल्या विद्यार्थ्यास, माझे मत विचाराल तर ते नूतनीकृताच्या बाजूने आहे: शक्यतो दहाव्या-अकराव्या पिढीचे, कमीत कमी आठव्या पिढीचे, ८ जीबी मेमरीचे, २५६ जीबी एसएसडीचे, कार्यालयीन श्रेणीचे यंत्र, सहा महिन्यांहून अधिक हमीसह. स्वयम् या शासकीय व्यासपीठावरील व्याख्याने, लेखन, कोष्टके, पायथॉनसारख्या भाषेतील आरंभीचे धडे, मराठी टंकलेखन, अर्ज भरणे, एवढ्यांस ते पुरून उरते. चित्रपटाचे संपादन किंवा इमारतींचे त्रिमितीय आराखडे काढावयाचे असतील तर ते पुरणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

या निवडीला आणखी एक अंग आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी मिळून काढलेल्या २०२४ च्या जागतिक अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यांतील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेल्याचा बराच भाग कोठेतरी जाळला, फोडला वा पुरला जातो. त्यातील शिसे व पारा माती-पाण्यात उतरतो. लॅपटॉपमुळे हवेवर जो भार पडतो त्याचा मोठा वाटा तो चालविताना पडत नाही. तो बनविताना, खाणीतून धातू काढताना व चीप घडविताना पडतो. म्हणून बनलेले यंत्र चार वर्षे अधिक चालले तर तेवढा भार वाचतो. आपल्या बागांतून एका खोडाचा घड उतरल्यावर त्याच बुंध्याच्या पिलावर दुसरे पीक घेतात, त्यास पिलबाग म्हणतात. प्रत्येक वेळी नवी रोपे विकत आणावीच लागतात असे नाही. मात्र पील निरोगी आहे की नाही हे शेतकरी अगोदर पाहून घेतो.

दुरुस्तीच्या बाबतीतही काळ थोडा पालटला आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर तो किती सहज दुरुस्त होतो याचे गुण छापावे लागू लागले. आपल्या केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' नावाचे संकेतस्थळ उघडले, ज्यावर निरनिराळ्या कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र मिळते. घेण्यापूर्वी आपल्या मनातील यंत्राची बॅटरी, चार्जर व पडदा सुटे मिळतात काय हे शोधून पाहावे. ज्या प्रकारची यंत्रे कंपन्यांनी लाखोंनी घेतली त्यांचे सुटे भाग वर्षानुवर्षे मिळत राहतात. एखाद्या अनोळखी नावाच्या स्वस्त नव्या यंत्राचा चार्जर मात्र दोन वर्षांनी इंदूरलाही सापडत नाही.

यंत्र घरी आल्यावरच्या दोन गोष्टी राहिल्या. जुन्या यंत्रात मूळ परवान्याची विंडोज आहे ना, हे सेटिंगमधील 'ॲक्टिव्हेशन' या ठिकाणी पाहून ठेवावे. चोरीची प्रत असेल तर पहिल्याच आठवड्यात दुकानदारास कळवावे, सहा महिन्यांनी नव्हे. आणि आपल्या भागातील धूळ ध्यानी घेऊन वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीच्या झाडलोटीत व एकदा होळी झाल्यावर उन्हे तापण्यापूर्वी, यंत्र बंद करून पंख्याची जाळी मऊ ब्रशने साफ करावी. गोधडीवर वा उशीवर ठेवून ते चालवू नये. खालून हवा मिळत नाही. जाड पुठ्ठ्याच्या वहीवर ठेवले तरी चालते.